पोलादबाईंचा हात हलका झाला

५ जानेवारी

प्रिय बोक्या,

अनेक आशीर्वाद. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. आता कुबड्या टेकत दुकानात जाऊ नकोस. लोकांचे चष्मे थांबतील, गुडघा थांबत नाही.

हे फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहितेय. आमचा फोन दिवाणखान्यात, आणि दिवाणखान्यात सूनबाई.

माझ्या मसाजवालीचं काहीतरी बिनसलंय. तू हसशील. पण तुला माहीत आहे, गिरणीत कापड तपासायच्या टेबलापाशी उभं राहून राहून माझी कंबर कामातून गेली, आणि सहा वर्षं मला उभं ठेवलंय ते या बाईने. औषधाच्या दुकानावर तिची खोली आहे. भिंतीवर तिचं प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट आहे, तिच्यापेक्षा मोठ्या चौकटीतलं. मी तिला पोलादबाई म्हणते. तोंडावरसुद्धा. तिचा अंगठा पाठीत शिरला की आधी डोळ्यांसमोर तारे, आणि मग आठवडाभर स्वर्ग.

तर डिसेंबरपासून तिचा हात हलका झालाय. हलका म्हणजे कसा, बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकावं तसा. मी जणू काचेचं भांडं, आणि फुटलं तर तिच्या पगारातून कापणार आहेत. मी म्हटलं, "जोर लावा की!" ती म्हणाली, "लावते ना." आणि लावला नाही. बोक्या, तीस वर्षं मी डोळे मिटून बोटांनी कापडातला सुटलेला धागा पकडला आहे. हाताला हात फसवू शकत नाही.

मला वाटतं तिला आता म्हातारी गिऱ्हाइकं नको झालीत. सरळ सांगायची हिंमत नाही, म्हणून मी कंटाळून आपणहून जाण्याची ती वाट बघतेय. तुला काय वाटतं?

तुझी,
ताई


१२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मला काय वाटतं? मला वाटतं, तुझ्या संशयाला एक जाड भिंगाचा चष्मा लावावा, म्हणजे तो निदान समोरचं तरी बघेल.

अगं, ती बाई काय जन्माला येताना पोलाद घेऊन आली होती? तिचंही वय होत असेल. अंगठे दुखत असतील. आयुष्यभर लोकांच्या पाठी रगडल्यावर हाताचं काय होतं ते तू तिला कधी विचारलंस? नाही. तू फक्त तक्रार केलीस. दूधवाला पाणी घालतो, शेजारीण पेपर आधी वाचते, पोस्टमन माझी पत्रं मुद्दाम उशिरा देतो. आता मसाजवाली जोर चोरते. उद्या म्हणशील, उन्हातलं ऊनही कमी केलंय कुणीतरी.

सरळ विचार तिला. आणि डिसेंबरात तुला थकवा येत होता त्याच्या तपासण्या झाल्या ना? त्याचं काय निघालं ते तू लिहिलंच नाहीस.

मी बरा आहे. पायरी उतरताना शिव्या देतो, चढताना देत नाही. म्हणजे प्रगती आहे.

तुझा,
बोका


२० जानेवारी

प्रिय बोक्या,

तुझ्या सल्ल्याने विचारलं. आता ऐक काय झालं ते.

मी म्हटलं, "बाई, हल्ली दुसऱ्या कुणाचे हात घेऊन येता का?"

ती तेलाची बाटली पुसत राहिली. म्हणाली, "मावशी, वय झालं आता. या वयात जोर बरा नाही."

"मग नोव्हेंबरात मी काय सोळा वर्षांची होते?"

उलट तिने मला पालथं झोपूच दिलं नाही. कुशीवर झोपवलं, पोटाशी एक उशी, गुडघ्यांत एक उशी, पाठीशी एक. दुकानात मांडायची बाहुली केली माझी. पाठीला हात नाही. फक्त तळवे, पावलं आणि थोडे खांदे. आणि प्रश्न! अंगावर काळेनिळे डाग पडतात का? पायाला मुंग्या येतात का? पोटरी सुजते का? ताप? मी म्हटलं, तुम्ही मसाज करताय की खानेसुमारी? तर तिचे डोळे भरले. खरंच भरले, बोक्या. ती तेल आणायच्या निमित्ताने आत गेली. तेल तर समोरच होतं.

आणखी आहे. मला सोडायला नेहमी रिक्षा असायची, आता मुलगा स्वतः येतो. त्या दिवशी मी चपला घालत होते, आणि तो तिच्याशी जिन्यात बोलत होता. मला एवढंच ऐकू आलं, "कितीदा सांगू, नाही म्हणजे नाही." मी गेले तशी दोघांचीही तोंडं शिवल्यासारखी झाली.

तपासण्यांचं विचारलंस. "रक्त कमी आहे, बाकी काही नाही." हे मुलाचे शब्द. कागद त्याच्याकडे. गोळ्या मिळतात त्या पाकिटातून काढून, सुट्या, डबीत घालून. पाकीट कुठाय म्हटलं, तर म्हणे, "तुला उघडायला त्रास होतो ना." मला! मी अजून लोणच्याच्या घट्ट बरणीचं झाकण एका हाताने फिरवते.

रात्री जेवल्यावर दोघं नवराबायको स्वयंपाकघराचं दार लोटून बोलतात. मी पाणी प्यायला गेले की भांड्यांचा आवाज सुरू होतो. पाणी कुठेतरी मुरतंय. माझा अंदाज असा, की घर विकून मला एखाद्या म्हाताऱ्यांच्या घरात ठेवायचं चाललंय. पोलादबाईंनाही त्यांनी सामील करून घेतलंय. हळूहळू एकेक सवय तोडायची, म्हणजे जाताना मी ओरडणार नाही.

तू मामा आहेस. त्याला फोन कर, आणि गोडीगुलाबीने काढून घे.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्राला उशीर झाला, क्षमस्व.

तू म्हणालीस तसा भाच्याशी बोललो. काळजीचं काही कारण नाही. घर विकायचा विचार त्याच्या स्वप्नातही नाही. तो अतिशय गुणी मुलगा आहे आणि सूनबाईही तुझी मनापासून काळजी घेते. ते सांगतील तसं वाग. गोळ्या वेळेवर घे. पोलादबाई म्हणतात तेही बरोबरच आहे. पाठीला जोर लावून घेण्याचा हट्ट धरू नकोस. जड उचलू नकोस, वाकू नकोस.

भूक कशी आहे? झोप लागते ना? फळं खात जा. तू आमच्यासाठी फार केलंस. आईच्या मागे मला तूच वाढवलंस, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहावंसं वाटलं.

स्वतःला जप.

तुझा धाकटा भाऊ


९ फेब्रुवारी

बोक्या,

हे पत्र कुणी लिहिलं? तू तर नक्कीच नाही लिहिलंस.

साठ वर्षांत तू मला तीर्थरूप म्हटलेलं नाहीस. क्षमस्व हा शब्द तुला येतो हेच मला माहीत नव्हतं. मी जेवले की उपाशी, हे तू माझ्या लग्नातसुद्धा विचारलं नव्हतंस. आणि गुडघ्याबद्दल एक अक्षर नाही, एक शिवी नाही! पत्र उलटंपालटं करून बघितलं. अक्षर तुझंच. म्हणजे हात तुझा, आणि शब्द दुसऱ्याचे.

पोलादबाईंच्या हातासारखंच झालं हे. जिकडे बघावं तिकडे सगळे मला हलक्या हाताने धरतायत. सूनबाई काल माझ्या हातातून बादली घेताना "अहो आई, राहू द्या" म्हणाली, ती इतक्या मायेने, की माझ्या अंगावर काटा आला. ही तीच, जिने मागच्या वर्षी मला गच्चीवरून गाद्या उतरवायला लावल्या होत्या.

मांजर डोळे मिटून दूध पितं, बोक्या. मी डोळे मिटलेले नाहीत.

आता माझा निर्णय ऐक. पाठ दिवसेंदिवस जास्त दुखतेय. हल्ली तर आडवं पडलं तरी दुखते, कूस बदलली तरी दुखते. का दुखणार नाही? दोन महिने नीट रगडलीच नाही. तर आमच्या चौकापलीकडच्या व्यायामशाळेत एक बाई आहे, वजन उचलणाऱ्या पोरींना मालिश करते. तिला सगळे रोलर म्हणतात. रस्त्यावरचा रोलर, तो. कोपराने मालिश करते म्हणे. येत्या शनिवारी दुपारची वेळ घेतली आहे. घरी वाचनालयात जाते म्हणून सांगणार. तुला सांगतेय कारण कुणालातरी सांगायला हवं. पण तू फुटलास तर याद राख.

ताई


१३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मिळाल्याबरोबर मी फोन केला. तू फोनवर आलीस, आणि मी तुला काय विचारलं? "थंडी आहे का तिकडे?" तू म्हणालीस, "तुझ्या डोक्यात आहे थंडी," आणि ठेवून दिलास. बरोबर केलंस. सूनबाईचा श्वास मला तुझ्या मागे ऐकू येत होता. जे मला दोन आठवडे बोलता आलं नाही ते लिहून टाकतो. ताई, बसून वाच.

तुला कॅन्सर आहे. रक्ताचा. तो हाडांच्या आत वाढतो आणि हाडं पोखरतो. डिसेंबरच्या तपासण्यांत निघाला. रक्त कमी झालंय ते त्यामुळेच, आणि तुझी पाठ दुखते तीही त्यामुळेच, गिरणीमुळे नाही. मणके आणि बरगड्या आतून भुसभुशीत झाल्यात. जोराचा दाब, झटका, वेडंवाकडं वळणं, कशानेही मोडू शकतात. म्हणून डॉक्टरांनी तुझ्या मुलाला सांगितलं, मसाज करणाऱ्याला ताबडतोब कळवा. तो पोलादबाईंकडे गेला. त्यांनी डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि हात बदलला. त्या जोर चोरत नव्हत्या. त्या तुला वाचवत होत्या.

जिन्यात "नाही म्हणजे नाही" जे ऐकलंस, ते यावरच. त्या म्हणत होत्या, मावशींना सांगा. तो म्हणत होता, नाही.

त्याच्यावर रागावशील. पण मेहुण्यांचं आठव. डॉक्टरांनी त्यांना त्यांच्या हृदयाचं खरं सांगितलं, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड करून झोपणं सुरू केलं. महिनाभरात गेले. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, आणि रोज संध्याकाळी त्या पाठीशी बोलायचा. मला फोनवर रडत म्हणाला, "मामा, आई पण भिंतीकडे तोंड करेल." मी शब्द दिला. आज तो मोडतोय.

उपाय आहेत, ताई. हे मी तुला गोड वाटावं म्हणून लिहीत नाही. मुळातून जात नाही म्हणतात, पण औषधांनी पुष्कळांचा वर्षानुवर्षं ताब्यात राहतो. भाचा दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेत होता, म्हणून उपचार अडलेत. आणि तुझ्यापासून लपवून ते सुरू कसे करायचे, हेही त्याला कळत नव्हतं.

शनिवारी जाऊ नकोस. तू मालिशला बाहेर पडणार आहेस, एवढंच भाच्याला फोन करून सांगितलंय. "मी तिला घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही" म्हणाला. माझा त्याच्यावर विश्वास आहे, पण तुझ्यावर त्याहून जास्त आहे. तू ठरवलंस म्हणजे तू जाणार. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या माणसाच्या हातापाया पडलोय, एका कुबडीवर उभा राहून.

तुझा,
बोका


२७ फेब्रुवारी

बोक्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी शनिवारी दुपारपासून हॉस्पिटलात होते. आज घरी आणलंय. अक्षर वेडंवाकडं आहे, कारण डावीकडची एक बरगडी मोडली आहे आणि बसायला एकच बाजू उरली आहे.

सगळं सांगते, क्रमाने.

शुक्रवारी मुलगा म्हणाला, "उद्या कुठे जाऊ नकोस, पाहुणे यायचेत." कोण पाहुणे? "ऑफिसातले." शनिवारी दुपार झाली, पाहुण्यांचा पत्ता नाही, आणि तो दाराजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन. पेपर आदल्या दिवशीचा! माझी खात्रीच पटली, की पाहुणे म्हणजे घर बघायला येणारं गिऱ्हाईक. तो न्हाणीघरात गेला आणि मी चपला हातात घेऊन जिना उतरले.

रोलरबाई चांगली आहे. तिला बोल लावू नकोस. मागच्या खोलीत एक उंच टेबल, त्यावर स्वच्छ चादर. तिने आधी विचारलं, "आजी, काही आजार? गोळ्या चालू आहेत?" मी म्हटलं, "रक्त कमी आहे. बाकी ठणठणीत." ती म्हणाली, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की." तिची काय चूक, सांग. तिने विचारलं, मी सांगितलं, आणि मला जे सांगण्यात आलं होतं तेच मी तिला सांगितलं.

तिने हळूच सुरुवात केली. मीच म्हटलं, जोर लावा. तिने कोपर टेकलं. पहिल्या दाबाला मला बरं वाटलं, बोक्या. दोन महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी खरं वागतंय असं वाटलं. दुसऱ्या दाबाला आवाज आला. नवीन कापड टर्रकन फाडतात तसा. तिने लगेच हात काढला. मला उठू दिलं नाही, हलवलं नाही. व्यायामशाळेतल्या एका पोरीला ओरडून गाडी बोलवायला सांगितलं आणि गाडी येईपर्यंत माझं कपाळ धरून बसली. "मी विचारलं होतं ना, आजी," एवढंच म्हणत राहिली. त्या एवढ्या दणकट बाईला मी रडवेलं केलं. म्हणजे खरं तर कुणी केलं?

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण आली. फोटो बघितले, जुने कागद मागितले. मुलगा घामाघूम. त्याने बॅगेतून जाडजूड फाइल काढली, आणि तीत माझं नाव. डॉक्टरणीने वाचली, आणि त्याला विचारलं, "पेशंटना कल्पना आहे का?"

तो जमिनीकडे बघत होता. मीच म्हटलं, "कल्पना नाही, पण संशय आहे. तेवढ्यावर सांगा."

तिने स्टूल ओढलं, माझ्याकडे तोंड करून बसली, आणि सांगितलं. कॅन्सर हा शब्द उच्चारला. मला कसं वाटलं, खरं सांगू? आधी, हुश्श. माझं डोकं फिरलेलं नव्हतं. घर विकत नव्हते, कुणी मला टाकत नव्हतं, पण मी म्हणत होते तसं काहीतरी होतं, आणि ते मला हाताला लागलं होतं. मग रात्री, दिवे मंद झाल्यावर, भीती आली. ती कशी आली ते लिहीत नाही. एवढंच, की तोंड मी भिंतीकडे केलं नाही. खाटच अशी होती की दोन्ही बाजूंना दुसऱ्या बायका होत्या.

मुलाशी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "आई, शिव्या तरी दे." मी दिल्या. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली ऐकायला. मग म्हटलं, "तुझ्या वडिलांना सत्याने मारलं नाही. त्यांचं हृदय थकलं होतं. आणि भिंतीकडे तोंड करून ते रडत असत, कारण त्यांना तुझ्यासमोर रडायचं नव्हतं." हे त्याला माहीत नव्हतं. मलाही वाटत होतं त्याला माहीत असेल. बघ, घरात काय काय न बोलता राहतं.

पोलादबाई भेटायला आल्या. दारातच उभ्या. मी म्हटलं, या, आता मोडायचं ते मोडलंय. बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, मी हात बदलला, पण तोंड उघडलं नाही. कुणी विचारलं तर मी म्हणेन, काळजी घेतली. पण तुमच्या अंगाबद्दल तुम्हालाच माहीत नाही, तर तुम्ही दुसऱ्या कुणाला काय सांगणार होता? हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तुमचा मुलगा नाही म्हणाला त्याच दिवशी मी काम सोडायला हवं होतं." मी विचारलं, मग सोडलं का नाही? "मी सोडलं तर तुम्ही कुणा दुसरीकडे जाल, ही भीती." मग आम्ही दोघी हसलो. हसताना बरगडी अशी दुखली की नर्स धावत आली.

आता तुझं. तुझं पत्र सूनबाईने बंदच्या बंद आणून दिलं, हे तिच्या नावावर जमा. मी वाचलं. चांगलं पत्र आहे. फक्त एक पत्र उशिरा आलं. तीन फेब्रुवारीचं पत्र हे असतं, तर मी व्यायामशाळेत गेले नसते. मला तुझा राग आहे. किती दिवस राहील ते ठरवलेलं नाही. आणखी काही लपवलंयस का?

ताई


४ मार्च

ताई,

नाही. आणखी काही लपवलेलं नाही. मला जे जे माहीत होतं ते सगळं त्या पत्रात होतं.

राग ठेव. मी दुकान उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकाला चुकीचा नंबर सांगतो आणि दुसऱ्याला त्याचा चष्मा देतो, अशी अवस्था आहे. माझे गुडघ्याचे डॉक्टर म्हणतात, महिनाअखेर गाडीत बसता येईल. बसेन आणि येईन. तू दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसून राहीन. शेजारीण विचारेल, कोण हा लंगडा? सांग तिला, माझ्यावर पाळत ठेवायला आलाय.

उपचार कधी सुरू? कुठलं औषध? कोण डॉक्टर? तुला सगळं माहीत असेल आता, म्हणून तुलाच विचारतोय.

बोका


२२ एप्रिल

प्रिय बोक्या,

तू गेल्यापासून घर शांत आहे. तुझ्या कुबडीची ठकठक बंद झाल्यावर खालच्या मजल्यावरचा माणूस येऊन विचारून गेला, सगळं ठीक ना.

उपचारांचं तू बघितलंसच, त्यामुळे थोडक्यात. आठवड्यातून एकदा खिडकीशेजारच्या खुर्चीत बसवून औषध टोचतात. दुसऱ्या दिवशी तोंडाला चव नसते, आणि तेलाचा वास आला की ढवळतं. डॉक्टर परवा सवयीने मुलाकडे बघून बोलू लागले. मी म्हटलं, "आजारी मी आहे, इकडे बघा." आता इकडे बघतात. आकडे सुधारतायत म्हणाले. मी म्हटलं, कागद दाखवा. दाखवला. गोळ्याही मी आता पाकिटातूनच घेते, नाव वाचून. सूनबाई म्हणते, आई, अजून विश्वास नाही का? मी म्हटलं, विश्वास आहे, पण तीस वर्षांची सवय आहे, प्रत्येक ताग्याचं टोक उलटून बघायची.

मुख्य सांगायचं ते वेगळंच.

पोलादबाई आता घरी येतात. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली, ती त्यांनी मला वाचायला लावली, मग त्या सुरू झाल्या. येताना बिनवासाचं तेल आणतात. दारातूनच विचारतात: काल ताप? नवीन डाग? पोटरीला सूज? एकदा पोटरी दुखतेय म्हटलं, तर पायाला बोटसुद्धा लावलं नाही. आधी डॉक्टरांना फोन, रक्ताची गुठळी तर नाही ना बघून घ्या म्हणाल्या. नव्हती. पण तोवर नुसते तळहात चोळून गेल्या. मी खुर्चीत टेकून बसते, मोडलेल्या बाजूला उशी. पाठीला दाबणं नाहीच. शेवटी फक्त एक हात माझ्या खांद्यांच्या मधे नुसता ठेवतात. दाबत नाहीत, फिरवत नाहीत. हा तोच हलका हात, बोक्या. जानेवारीत याच हाताचा मला संताप आला होता. आता काय वेगळं आहे? तेव्हा तो हलका का, हे मला माहीत नव्हतं, एवढंच.

मागच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "मला रोज यायला जमणार नाही. घरातलं कुणी शिकेल का? फक्त पावलं." सूनबाई पुढे झाली, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "मी शिकतो." आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. त्याने मिशी फुटल्यापासून मला हात लावला नसेल, नमस्कारापुरता सोडून. जमिनीवर बसला. पोलादबाईंनी त्याचा हात धरून दाखवलं. "असं. लोणी पसरायचं, पण पाव चेपायचा नाही. आईला विचारत राहायचं, बरं वाटतं का." तो इतका घाबरला होता, की त्याची बोटं माझ्या पावलावर टेकतच नव्हती, वरून तरंगत होती. मी म्हटलं, "अरे, पाय आहे तो, बॉम्ब नाही."

आता रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की हात धुतो, गरम पाण्यात धरून ऊब आणतो, आणि बसतो. पहिले दोनतीन दिवस नुसतं "बरं वाटतं का?" विचारायचा. काल मी डोळे मिटून पडले होते. त्याला वाटलं मला झोप लागली. आणि माझ्या पावलाशी बसून तो बोलायला लागला. सगळं बोलला. वडिलांच्या पाठीशी काय काय बोलायचा ते. डिसेंबरात फाइल हातात घेऊन बसस्टॉपवर किती गाड्या सोडल्या ते. त्या शनिवारी न्हाणीघरातून बाहेर आला आणि चपला दिसल्या नाहीत, तेव्हा कुठल्या कुठल्या रस्त्याने धावला ते. मग म्हणाला, "आई, मला भीती वाटते." हात थांबले नाहीत त्याचे. बोलत होता आणि चोळत होता, अगदी पोलादबाईंनी दाखवलं तसं.

मी जागी होते, बोक्या. पापणीसुद्धा हलवली नाही. आजही तो तसाच बोलला, थोडं कमी. उद्याही बोलेल.

हे तुझ्याजवळच ठेव. तो कधी फोनवर म्हणाला की आईला हल्ली मसाज करताना छान झोप लागते, तर तू म्हण, हो रे, लागत असेल.

तुझी,
ताई